ओळंब्यावर तपासली जाणारी पितळी वाद्ये : लातूरच्या एका दुरुस्ती-दुकानाविषयी

लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत बँडची पितळी वाद्ये दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि मालकांना आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छाही नाही. परंतु लातूर, औसा, निलंगा, उदगीर या भागांतील कोणत्याही बँडवाल्याला विचारले तर तो ‘चाचांचे दुकान’ म्हणून वाट दाखवतो. लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम (ट्रम्पेटहून मोठे, जाड आवाजाचे पितळी वाद्य) वाजवणारा आणि एका शाळेचे बँडपथक शिकवणारा माणूस म्हणून माझे या दुकानात नेहमी जाणे-येणे असते. माझ्या मते मराठवाड्यात ट्रम्पेट, युफोनियम किंवा ई-फ्लॅट हॉर्न वाजवणाऱ्याने वाद्य कुठेही विकत घ्यावे, मात्र ते तपासून इथूनच घ्यावे. असे का म्हणतो हे सांगताना या दुकानाच्या उणिवाही झाकून ठेवणार नाही, कारण त्या आहेत आणि काही जणांना त्या महागात पडू शकतात.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. डाव्या भिंतीला खिळ्यांवर भोंगे, वाकवलेल्या नळ्या आणि धनी हरवलेले पिस्टन (स्वर बदलण्यासाठी बोटाने दाबायचे दट्टे) टांगलेले असतात. उजव्या बाजूला लाकडी ओंडक्यावर ऐरण, तिच्याशेजारी झाळकामाचा स्टोव्ह आणि निरनिराळ्या मापांचे पोलादी गोळे ठेवलेला पत्र्याचा डबा. हे गोळे नळीत सोडून बाहेरून हलक्या हातोडीने ठोकत पोचे काढले जातात. हे सगळे कोणत्याही चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे दिसेल. जे दुसरीकडे दिसणार नाही ते मागच्या भिंतीवर आहे. तिथे छताजवळच्या खिळ्याला गवंड्याचा ओळंबा बांधलेला आहे आणि त्याच्या दोरीला ठरावीक अंतरांवर गाठी मारलेल्या आहेत. वजनाच्या मध्यापासून पंचवीस सेंटिमीटरवरची गाठ चिमटीत धरून ओळंबा झुलवला की तो मिनिटाला सुमारे १२० वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. छत्तीस सेंटिमीटरच्या गाठीवर १०० आणि अठरा सेंटिमीटरपेक्षा किंचित वरच्या गाठीवर १४० ठोके मिळतात. लंबकाचा हा हिशेब शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो, आणि १८१५ साली मेल्त्सेलने ज्या मेट्रोनोमचे, म्हणजे ठोके देणाऱ्या लयमापकाचे, पेटंट घेतले त्याच्या मुळाशीही लंबकच आहे. चाचांनी तो पुस्तकातून घेतला की गवंड्याकडून, हे मी विचारलेले नाही. मोबाइलवर मेट्रोनोम फुकट मिळत असताना दोरी कशाला, असे एका मुलाने विचारले, तेव्हा मोबाइलचा टकटक आवाज वाद्याच्या आवाजात बुडतो आणि ओळंबा डोळ्यांना दिसतो, एवढेच उत्तर त्याला मिळाले. ते मला पटते.

गिऱ्हाईक वाद्य घेऊन आले की चाचा आधी वाद्य हातात घेत नाहीत, विचारतात: ‘काय बिघडलंय ते नंतर सांग. कोणत्या चालीत वाजवायलास ते सांग आधी.’ आमच्या लोकांत लयीला चालच म्हणतात. नंतर ते १०० च्या गाठीवर एक सरळ स्वरपंक्ती वाजवायला लावतात, मग १२० वर, मग १४० वर, आणि डोळे ओळंब्यावर ठेवून कान बोटांकडे देतात. या तपासणीमागचा विचार साधा आहे. जो दोष १०० वर आहे आणि १४० वरही तेवढाच आहे, तो बहुधा गळतीचा असतो: झाळ सुटली आहे, थुंकी काढण्याच्या चावीचे बूच झिजले आहे किंवा पिस्टन घासून ढिला झाल्यामुळे नळी दम धरत नाही. जो दोष चाल वाढल्यावरच उघडा पडतो, तो स्प्रिंगचा, मळाचा किंवा झिजलेल्या नमद्याचा असतो. आणि जो दोष तिन्ही चालींत बोटांच्या त्याच एका जोडीवर येतो, तो वादकाचा असतो. हे सांगताना चाचा भीड बाळगत नाहीत. अनेक ठिकाणी वाद्य दिले की ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ नावाखाली सगळेच खोलून सगळ्याचेच पैसे घेतले जातात. इथे ज्या गोष्टीचे दुखणे असेल तिलाच हात लागतो.

आमच्या शाळेच्या ट्रम्पेटचे उदाहरण सांगतो. मुलगा सावकाश वाजवताना ठीक वाजवत असे, परंतु संचलनाच्या चालीत मधला पिस्टन खाली गेला की वर यायला उशीर करी आणि पुढचा स्वर अर्धवट निघे. मी स्प्रिंग ओढून लांब करून पाहिली होती. बँडमध्ये सगळेच हा जुगाड करतात आणि तो काही आठवडे चालतो. चाचांनी पिस्टन बाहेर काढला, बोटावर घासून नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘खोबरेल.’ मुलाच्या घरच्यांनी चांगल्या भावनेने नारळाचे तेल घातले होते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजू लागते, आणि डिसेंबरच्या सकाळी लातुरात तापमान त्याच्या बरेच खाली असते. प्रजासत्ताक दिनाचा सराव पहाटे होतो हे लक्षात घेतले म्हणजे पिस्टन का अडकत होता ते कळते. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, त्यामुळे तिथे गोठलेल्या तेलाचा एवढासा थरही पुरतो. कोमट साबणपाण्याने धुऊन, पुसून, हलके व्हॉल्व्ह ऑइल घातल्यावर तोच पिस्टन १४० वर बिनतक्रार चालला. नवी स्प्रिंग विकण्याची संधी समोर असताना त्यांनी ती विकली नाही. अशा वेळी दुकानाची परीक्षा होते.

संध्याकाळी काम थोडे आवरले की दुकानाच्या पायरीवर वादक जमतात, आणि या बैठकीसाठीही इथे जावे असे मी म्हणेन. पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते आयुष्यभर ई-फ्लॅट हॉर्न वाजवत आले. बँडमध्ये या हॉर्नचे काम म्हणजे ढोलाच्या ठोक्यांमधल्या रिकाम्या जागा भरणे, म्हणजे लय राखण्याची खरी जबाबदारी त्याच्यावर असते आणि टाळ्या मात्र ट्रम्पेटला पडतात. काकांचे म्हणणे असे की लष्करी द्रुत संचलनाची चाल मिनिटाला ११६ ते १२० पावलांची, आणि परण्याही (नवरदेवाची मिरवणूकही) याच चालीत निघाला पाहिजे. त्यापुढे पाऊल पडत नाही, नुसते पळते. औशाकडचा एक तरुण ट्रम्पेटवादक याला कायम हरकत घेतो. एकदा तो १४० च्या वर वाजवून दाखवत होता तेव्हा काका म्हणाले, ‘अरे, नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालाय का पोलीस मागं लागलेत त्याच्या?’ त्यावर तो म्हणाला, ‘काका, तुमच्या चालीवर पोरं नाचत नाहीत. पोरं नाचली नाहीत तर पुढच्या लग्नाची सुपारी डीजेला जाती.’ दोघांचेही खरे आहे. डीजेने नाचणाऱ्यांच्या पायांना जी गती लावली ती बँडला सोसावी लागते, पण बँडच्या हातातली वाद्ये ज्या घडणीची आहेत ती घडण लष्करी संचलनासाठी झालेली आहे. उत्तर प्रदेशातील मेरठ हे बँडवाद्यांचे देशातील सर्वांत मोठे केंद्र आहे, आणि तिथल्या युफोनियमचा आराखडा आजही मुख्यतः जुन्या इंग्रजी नमुन्यांवरच बेतलेला असतो.

चाचा या वादात एकच वाक्य टाकतात, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या बैठकीत तेच कामाचे असते: ‘मोठ्या नळीला उठायला वेळ लागतो.’ ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे १.४ मीटर भरते, युफोनियमची सुमारे २.७५ मीटर, आणि बी-फ्लॅट बेसची, म्हणजे बँडमधल्या सर्वांत मोठ्या पितळी वाद्याची, साडेपाच मीटरच्या आसपास. ओठांनी दिलेला हवेचा धक्का भोंग्यापर्यंत जाऊन परत येतो आणि अशा काही फेऱ्या झाल्यावर स्वर ठरतो. ट्रम्पेटमध्ये एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, युफोनियममध्ये १६, बेसमध्ये ३२. मिनिटाला १४० ठोक्यांच्या चालीत ठोक्याचा चौथा हिस्सा फक्त १०७ मिलिसेकंदांचा असतो. बेसच्या तीन फेऱ्या झाल्या की तो संपत आला म्हणून समजावे. म्हणूनच जलद चालीत बेस आणि युफोनियम मागे पडल्यासारखे वाटतात आणि बँडमास्तर त्यांच्यावर ओरडतात. चाचांचा सल्ला असा आहे की १३० च्या वर वाजवायचे असेल तर बेसने प्रत्येक ठोक्याला एकच आखूड स्वर द्यावा आणि तो जिभेने स्पष्ट तोडावा, चौथ्या हिश्श्याचे काम ट्रम्पेटवर सोडावे. पिस्टनवर कडक स्प्रिंग चढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण उशीर बोटात नसून नळीत आहे. उलट युफोनियमचे पिस्टन मुळात जड, त्यावर कडक स्प्रिंग म्हणजे परण्या मंडपाच्या दारी पोहोचेपर्यंत वादकाची बोटे आखडलेली. आमच्या बँडने त्या सल्ल्याप्रमाणे मांडणी बदलली आणि बेसवाल्याची रोजची बोलणी थांबली.

या बैठकीत एकदा पुण्याला पाश्चात्त्य संगीत शिकणारी एक मुलगी आपला फ्रेंच हॉर्न घेऊन आली होती. आमच्यापैकी बहुतेकांनी ते वाद्य प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिले. एफ सुरातल्या हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर लांब, चाव्या डाव्या हाताने चालवायच्या आणि उजवा हात भोंग्यात ठेवायचा. शिवाय भोंगा मागे वळलेला असल्याने आवाज मागच्या भिंतीवर आपटून श्रोत्यांकडे येतो, म्हणून वाद्यवृंदात हॉर्नवाल्यांना किंचित आधी वाजवण्याची सवय लावून घ्यावी लागते. हे ऐकून पोलीस बँडवाले काका खूश झाले. आपल्यासारखेच दुःख दुसऱ्या कोणाला आहे याचा आनंद वेगळाच असतो. चाचांनी मात्र ते वाद्य उघडले नाही. त्यात पिस्टनऐवजी फिरते व्हॉल्व्ह असतात, ते काम माझ्या हातचे नाही, पुण्या-मुंबईलाच दाखव, असे त्यांनी सरळ सांगितले. फ्रेंच हॉर्नवाल्यांनी त्यामुळे इथे येण्याचे कष्ट घेऊ नयेत, आणि हे पहिल्याच भेटीत कळते ही चांगलीच गोष्ट आहे.

सुराच्या बाबतीत या दुकानाचे काम मला लयीच्या कामाइतकेच मोलाचे वाटते, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात. नळीतली हवा तापली की सूर चढतो. एका अंशामागे साधारण तीन सेंट, आणि शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. सकाळी २५ अंशांत जुळवलेला बँड दुपारी ४० अंशांत उभा राहिला तर हिशेबाने ४५ सेंटचा फरक पडतो. वादकाच्या श्वासामुळे नळी आतून आधीच उबदार असते, म्हणून प्रत्यक्षात तो काहीसा कमी होतो, तरीही कानाला बोचण्याइतका राहतो. पूर्वी सगळेच फुंकणारे असल्याने सगळे मिळून चढत आणि कोणाला कळत नसे. आता बँडच्या गाड्यावर कीबोर्ड असतो, त्याचा सूर ४४० वरून (‘ए’ स्वराची सेकंदाला ४४० कंपने) ढळत नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नात ट्रम्पेट एकीकडे आणि कीबोर्ड दुसरीकडे अशी फजिती होते. उपाय मुख्य स्लाइड, म्हणजे नळीचा आत-बाहेर सरकणारा भाग, ओढण्याचा; दहा अंश फरकासाठी ट्रम्पेटची स्लाइड एक सेंटिमीटरहून थोडी अधिक बाहेर काढावी लागते. पण अनेक वाद्यांच्या स्लाइड गंजून इतक्या घट्ट बसलेल्या असतात की त्या हलतच नाहीत. त्या न मोडता सोडवणे हे चाचांचे सर्वांत नाजूक कौशल्य आहे. ते सांध्याला ऊब देतात, पातळ तेल मुरू देतात, स्लाइडच्या वाकात कापडी पट्टा अडकवून एका झटक्यात खेचतात, आणि तिने दाद दिली नाही तर वाद्य रात्रभर तसेच ठेवतात. पकड लावून पिळणाऱ्या कारागिरांकडून मुडपलेल्या नळ्या घेऊन येणाऱ्यांची इथे कमतरता नाही.

जुनी विलायती वाद्ये वापरणाऱ्यांनी तर इथे एकदा जाऊन यावेच. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळातील लंडनची वाद्ये अजून काही घरांतून निघतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्करी बँडचा सूर आजच्या ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास होता, म्हणजे ती वाद्ये जन्मतःच जवळजवळ पाव स्वर चढलेली आहेत आणि स्लाइड पूर्ण ओढूनही खाली येत नाहीत. वाद्य पाहताना चाचा भोंग्यावरचे कोरीव नाव वाचतात: नुसते ‘बूझी’ असेल तर ते १९३० च्या आधीचे, कारण त्या वर्षी बूझी आणि हॉक्स एकत्र आले. मग ते नळीला लहानसा जोड देऊन सूर उतरवतात. तीन पिस्टनच्या वाद्यात पहिले आणि तिसरे बोट एकत्र दाबले की स्वर मुळातच चढा येतो. मुख्य नळी लांबवल्यावर पिस्टनच्या नळ्या त्या मानाने आणखी आखूड पडतात आणि हा दोष वाढतो, म्हणून त्या नळ्यांच्या स्लाइडही ते सोडवून थोड्या बाहेर ओढून ठेवतात. फक्त मुख्य नळी कापून-जोडून मोकळे होणारे कारागीर इथेच चुकतात.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत त्रासाची म्हणजे वेळ. लगीनसराईत ‘परवा या’ याचा अर्थ परवा असा होत नाही, आणि सुपारी घेतलेल्या बँडवाल्याला दाट तिथींच्या दिवसांत उसने वाद्य शोधत फिरावे लागते. लोकांची लय इतक्या काटेकोरपणे मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या दिलेल्या शब्दाला एवढी ढिलाई द्यावी, हे मला कधीच समजलेले नाही. दुसरी म्हणजे पावती मिळत नाही. वाद्यावर खडूने लिहिलेले आडनाव हाच पुरावा, त्यामुळे शाळा-महाविद्यालयांना हिशेबाला अडचण येते. तिसरी उणीव त्यांच्या मुलाच्या हाताशी संबंधित आहे. तो बफ मारण्यात उत्साही आहे. वाद्य आरशासारखे चमकते हे खरे, परंतु प्रत्येक बफला पितळ झिजते आणि भोंग्याची कड पातळ होत जाते. वाद्य देताना ‘पॉलिश नको’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ते गृहीत धरले जाते. दुकानात विक्रीला ठेवलेले माऊथपीसही मी घेणार नाही: त्यांतील बऱ्याच नगांचा मुलामा उडालेला असतो आणि उघडे पितळ ओठांना चरचरते.

दर वाजवी आहेत. साधा पोचा दीडशे-दोनशे रुपयांत निघतो, ट्रम्पेटची धुलाई आणि नमदे-बुचे बदलण्याचे पाचशेच्या आसपास होतात, आणि ढिल्या पिस्टनवर निकेल चढवून तो घासून पुन्हा बसवायचा असेल तर दोन हजारांच्या पुढे खर्च येतो, कारण मुलाम्याचे काम बाहेरून करून आणावे लागते. या शेवटच्या कामाबद्दल माझा सल्ला असा की साध्या बनावटीच्या वाद्यावर हा खर्च करू नये. त्यात थोडी भर घालून जुन्या बाजारातील बऱ्या घडणीचे वाद्य मिळू शकते, आणि घेण्याआधी चाचांकडे आणले तर ते तपासण्याचे पैसेही घेत नाहीत.

जायचे असेल तर आषाढी एकादशीनंतर जावे. चातुर्मासात लग्ने नसतात, गणपतीच्या आधीचे काही दिवस सोडले तर दुकान मोकळे असते आणि काम सांगितल्या दिवशी मिळते. तुळशीच्या लग्नानंतर वाद्य टाकले तर ते हाती कधी येईल याची खात्री धरू नये. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते. गल्लीत दुचाकीसुद्धा नीट उभी राहत नाही, तेव्हा बेससारखे मोठे वाद्य आणणाऱ्यांनी रिक्षा गोलाईतच सोडावी.